बिदागीची नवी हुंडी

तापीच्या उत्तर तीरावरील बुऱ्हाणपूर शहराला लागून लोधीपुरा नावाची वस्ती आहे. मध्य प्रदेशाच्या नकाशात ती शोधू जाणाऱ्यास प्रयास पडतील. परंतु पूर्व आफ्रिकेपासून अमेरिकेपर्यंत विखुरलेल्या दाऊदी बोहरा कुटुंबांत तिचे नाव आदराने घेतले जाते, कारण १७३० साली दिवंगत झालेले त्या पंथाचे सत्पुरुष सैयदी अब्दुलकादिर हकीमुद्दीन यांचा दर्गाह-ए-हकीमी येथे आहे आणि त्याच्या दर्शनासाठी देशोदेशींचे यात्रेकरू येत असतात. शहरात शिरले की यंत्रमागांचा खडखडाट कानी पडतो, मावा जिलेबीच्या कढया दिसतात, आणि हिंदी, उर्दू, निमाडी, गुजराती व खानदेशी वळणाची मराठी या साऱ्या भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. दक्षिणेस थोडे गेले की रावेर लागते. त्यामुळे २००३ साली खंडव्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा राज्यकारभाराने मध्य प्रदेशाचा असला, तरी सोयरीक, बाजारहाट आणि केळीचा व्यापार यांनी तो खानदेशाशी घट्ट बांधलेला आहे.

अशा ठिकाणचा एखादा तरुण हाती मोबाईल घेऊन कुंडी भंडाऱ्याच्या भूमिगत जलमार्गावर, असीरगडाच्या चढणीवर, किंवा मुमताजमहलचे शव आग्र्यास नेण्यापूर्वी जेथे दफन केले होते त्या आहूखान्यावर चित्रफिती करू लागला, तर त्याला प्रेक्षक कोण लाभतील? काही गावचे, काही खानदेशातले, आणि काही असे की ज्यांचे आजोबा-पणजोबा कधीकाळी या मुलुखातून मोंबासा, दारेसलाम किंवा दुबईस गेले आणि ज्यांना ही गल्लीबोळे घरबसल्या पाहून डोळे भरून येतात. यांतलाच एखादा प्रेक्षक कृतज्ञतेने दहा डॉलर पाठवू इच्छितो आणि विचारतो, की तुमचा बिटकॉइनचा पत्ता काय? तरुण मी कल्पनेने उभा केला आहे, हे आरंभीच सांगतो. प्रश्न मात्र काल्पनिक नाही. आंतरजालावर काही निर्माण करून त्यावर चरितार्थ चालवू पाहणाऱ्या आपल्याकडील शेकडो मुलामुलींपुढे तो आज उभा आहे, आणि त्याचे उत्तर देताना बुऱ्हाणपूरइतके साह्य करणारे दुसरे गाव मला दिसत नाही.

रसिकाने कलावंताला थेट द्रव्य द्यावे ही रीत या शहराला नवी नाही. १६०१ साली असीरगड अकबराच्या हाती येऊन खानदेशातील फारुकी राज्य बुडाले, दख्खनच्या मोहिमांचे मुख्य ठाणे म्हणून बुऱ्हाणपूर भरभराटीस आले, आणि मुघल सेनानी अब्दुर्रहीम खानखाना याने आपल्या प्रदीर्घ वास्तव्यात येथे जो दरबार भरविला त्यात इराणातून आलेल्या कवींना आणि देशी भाषांत रचना करणाऱ्यांना सारखाच आश्रय मिळाला. अब्दुल बाकी नहावंदी हा इराणी ग्रंथकार १६१४ साली बुऱ्हाणपुरास येऊन त्याच्या पदरी राहिला व १६१६ साली त्याने ‘मआसिर-इ-रहीमी’ हा ग्रंथ पुरा केला. खानखानाचे चरित्र आणि त्याच्या आश्रयास असलेल्या गुणीजनांची माहिती त्यात आहे. लाख रुपयांची रास मी कधी पाहिली नाही, असे नझीरी कवी म्हणाला, तेव्हा खानखानाने तेवढी रक्कम त्याच्यापुढे रचविली आणि मग ती त्यालाच देऊन टाकली, अशी आख्यायिका आहे. दानाचा आकार बाजूला ठेवला तरी त्या व्यवहाराची घडण मला महत्त्वाची वाटते. दाता कोण हे कवीला ठाऊक होते, रुपये बादशाही टांकसाळीचे होते, आणि दिलेल्या रकमेचा जमाखर्च दिवाणाच्या दफ्तरी राहात होता.

आज तो एकटा खानखाना राहिला नाही. त्याच्या जागी पन्नास-शंभर रुपये देणारे असंख्य रसिक आले आहेत, आणि हा पालट कलावंताच्या स्वाभिमानाला पोषक आहे असे मी मनापासून मानतो, कारण ज्याचे अन्न हजार जणांच्या हातून येते त्याला कोणा एकाची मर्जी सांभाळावी लागत नाही. देशातल्या देशात या बिदागीचा मार्ग अत्यंत सुकर झाला आहे. २०१६ साली राष्ट्रीय देयक महामंडळाने यूपीआय सुरू केल्यापासून रावेरचा प्रेक्षक लोधीपुऱ्याच्या खात्यात अकरा रुपयेसुद्धा क्षणात आणि विनाशुल्क जमा करू शकतो. समुद्रापलीकडच्या रसिकाची वाट मात्र इतकी सरळ नाही. यूट्यूबच्या थेट प्रक्षेपणात त्याने सुपर चॅटमधून पैसे दिले, तर त्यातले तीस टक्के कंपनी ठेवून घेते. बँकेतून परदेशी हुंडणावळीने दहा डॉलर पाठवायचे, तर दोन्हीकडच्या बँकांचे शुल्क मूळ रकमेएवढे होऊन बसते. अनिवासी भारतीयांना परदेशी भ्रमणध्वनी क्रमांकावरून यूपीआय वापरण्याची मुभा २०२३ साली मिळाली खरी, परंतु ती सिंगापूर, अमेरिका, ब्रिटन, अमिराती, सौदी अरेबिया अशा मोजक्या दहा देशांपुरती होती, आणि तिला भारतातील अनिवासी खाते आवश्यक होते. ज्याच्या आजोबांनी मुंबईचा धक्का सोडला त्या टांझानियाच्या नागरिकाला त्या सवलतीचा काय उपयोग? तेव्हा या माणसाने बिटकॉइनचे नाव काढले तर त्यात खोडसाळपणा नाही. त्याची अडचण खरी आहे आणि तिचा आदर केला पाहिजे.

बिटकॉइनचा आराखडा सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्याच्या खतावणीचे पहिले पान लिहिले गेले. ही खतावणी कोणा एका पेढीत नसते. जगभरच्या हजारो संगणकांवर तिच्या तंतोतंत प्रती असतात, प्रत्येक देवघेव त्या साऱ्यांच्या संमतीने नोंदली जाते, आणि एकदा नोंदलेले पान पुसता येत नाही. घेणाऱ्याजवळ दोन गोष्टी असतात : एक पत्ता, जो सर्वांना सांगायचा, आणि एक गुप्त किल्ली, जी कोणालाही सांगायची नाही. पाठविणाऱ्याला कोणाची अनुज्ञा लागत नाही, मधला अधिकारी रक्कम अडवू शकत नाही, आणि सीमेवर जकात द्यावी लागत नाही. या गुणांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. २०१० च्या डिसेंबरात व्हिसा, मास्टरकार्ड, पेपाल यांसारख्या कंपन्यांनी गोपनीय कागदपत्रे प्रसिद्ध करणाऱ्या विकिलीक्सच्या देणग्यांचे मार्ग बंद केले, तेव्हा कोणत्याही न्यायालयाचा निवाडा त्यामागे नव्हता. २०११ च्या जूनमध्ये त्या संस्थेने बिटकॉइनमधून देणग्या घेण्यास आरंभ केला आणि वाचकांची मदत पुन्हा तिच्यापर्यंत पोचू लागली. ज्याचा आवाज दाबण्यासाठी त्याची झोळी बांधली जाते, त्याला हे साधन वरदानच आहे.

परंतु लोधीपुऱ्याच्या तरुणाची झोळी कोणी बांधलेली नाही. त्याला हवी आहे ती दूरदेशीची छोटी रक्कम, वेळेवर आणि हिशेबात बसेल अशी. दूरच्या गावी रोकड न नेता द्रव्य पोचविण्याची विद्या याच शहरात चारशे वर्षांपूर्वी पूर्णत्वास गेली होती. सुरतेहून आग्र्याकडे जाणारा मोठा व्यापारी मार्ग बुऱ्हाणपुरावरून जात असे, आणि सतराव्या शतकाच्या मध्यास येथून गेलेला फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हर्निए याने येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात असल्याचे लिहून ठेवले आहे. सुरतेस वटविण्याच्या हुंड्यांवर गावोगाव किती बट्टा पडे याचे कोष्टकही त्याने दिले आहे : बुऱ्हाणपुरास अडीच ते तीन टक्के, आग्र्यास सव्वाचार ते पाच, लाहोरास सव्वासहापर्यंत, आणि दूरच्या ढाक्यास दहा. रस्ता जितका लांब आणि धोक्याचा, तितका बट्टा अधिक. आणि यूट्यूबच्या तीस टक्क्यांपुढे हा अडीच-तीन टक्क्यांचा दर ठेवून पाहिला, म्हणजे त्या सराफांची कसबी काटकसर ध्यानात येते.

हुंडीच्या घडणीकडे जरा बारकाईने पाहावे असे मला वाटते, कारण नव्या साधनात नेमके काय गळाले आहे ते तेथेच कळते. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे मिळत. मुदती हुंडीचे ठरलेल्या दिवशी. धनीजोग हुंडीची रक्कम तीत नमूद केलेल्या धन्यालाच मिळे. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात ज्याची पत ठाऊक आहे अशा शाहालाच अदा होत, म्हणजे चोराच्या हाती कागद पडला तरी त्याला तो वटविण्यासाठी एखादा प्रतिष्ठित व्यापारी उभा करावा लागे, आणि तेथेच तो पकडला जाई. देखणहार हुंडी मात्र जो दाखवील त्याची. जोखमी हुंडीत माल सुखरूप पोचला तरच पैसे देणे बंधनकारक असे, त्यामुळे विमा आणि उधारी यांची एकाच कागदात गाठ पडे. शिवाय हुंडी वाटेत गहाळ झाली तर लिहिणारा ‘पैठ’ लिहून देई, तीही हरवली तर ‘परपैठ’; दोन्हींत मूळ हुंडीचा उल्लेख असे, म्हणजे एकच रक्कम दोनदा दिली जाऊ नये. माणूस चुकतो, कागद हरवतो, डाकू वाट अडवितो, हे गृहीत धरून ही सारी व्यवस्था रचलेली होती.

बिटकॉइन ही देखणहार हुंडी आहे. किल्ली ज्याच्या हाती, द्रव्य त्याचे. ती त्याने कमावली की चोरली हे खतावणी विचारीत नाही. या हुंडीला पैठ नाही. बारा किंवा चोवीस शब्दांची जी स्मरणमाला किल्लीच्या पुनर्प्राप्तीसाठी दिली जाते, ती ज्या कागदावर लिहिली तो पुराच्या पाण्यात भिजला, मोबाईल बिघडला आणि दुसरी प्रत नसली, तर जगातील कोणतीही पेढी, कोणतेही न्यायालय ते द्रव्य परत मिळवून देऊ शकत नाही. चुकीच्या पत्त्यावर पाठविलेली रक्कम माघारी येत नाही. याच्या उलट एक घटना सांगतो. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील सारोळ्याच्या सुमन धामणे यांची ‘आपली आजी’ ही पाककृतींची वाहिनी २०२० साली कोणी हस्तगत केली, तेव्हा तक्रार झाली, यूट्यूबने शहानिशा केली आणि वाहिनी आजींना परत मिळाली. ज्या मध्यस्थाचे तीस टक्के आपल्याला खुपतात, त्याच्याकडे दाद मागता येते हे त्या तीस टक्क्यांत अंतर्भूत आहे. सराफाच्या बट्ट्यातही हेच होते.

आणखी एक फरक. सराफाची वही सराफ आणि धनी यांच्यापुरती असे. बिटकॉइनची खतावणी चव्हाट्यावर मांडलेली आहे. आपला पत्ता चित्रफितीखाली कायमचा लिहून ठेवणाऱ्या तरुणाला कळतही नाही, की त्या पत्त्यावर आजवर किती आले, किती गेले आणि शिल्लक किती, हे कोणीही अनोळखी मनुष्य घरबसल्या पाहू शकतो. उलटपक्षी पाठविणारा कोण हे मात्र घेणाऱ्याला समजत नाही, आणि नको असलेली रक्कम नाकारण्याचीही सोय नाही. एखाद्या ठगाने लुबाडलेले पैसे कृतज्ञतेची बिदागी म्हणून पाठविले, तर ते निमूटपणे जमा होतात. शाहजोगाची अट लावण्यामागे जुन्या व्यापाऱ्यांची जी भीती होती, ती येथे खरी ठरते.

आता राजदरबाराची बाजू. रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या डिसेंबरात बिटकॉइनसारख्या आभासी, म्हणजेच क्रिप्टो, चलनांविषयी जनतेला सावधगिरीचा इशारा दिला, आणि ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने अशा चलनांच्या व्यवहारांना बँकांनी साह्य करू नये असा हुकूम काढला. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. तेव्हापासून ही वस्तू आपल्याकडे निषिद्ध नाही आणि चलन म्हणून मान्यही नाही, अशा अधांतरी अवस्थेत आहे. सरकारने तिला ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ असे नाव दिले आणि २०२२ च्या वित्त अधिनियमाने तिच्यावर कर बसविला : हस्तांतरातून होणाऱ्या नफ्यावर सरसकट तीस टक्के, उपकर धरून ३१.२ टक्के, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेतून एक टक्का उद्गम करकपात. २०२३ च्या मार्चमध्ये या व्यवहारांतील पेढ्या धनशोधन प्रतिबंधक कायद्याखाली आल्या व त्यांना केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करणे भाग पडले. १९६१ च्या आयकर अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२५ च्या अधिनियमानेही तीस टक्क्यांचा दर कायम ठेवला आहे.

या कराचा भार अल्प उत्पन्नाच्या निर्मात्यावर कसा पडतो ते एका हिशेबाने दाखवितो. वर्षभरात त्याला दहा हजार रुपये मूल्याचे नाणे बिदागी म्हणून मिळाले. ज्या दिवशी ते आले त्या दिवशीचे रुपयांतील मूल्य हे त्याच्या व्यवसायाचे उत्पन्न होय, आणि तेच पुढे त्या नाण्याची खरेदी-किंमत ठरते. त्याने ते राखून ठेवले आणि भाव वाढून चौदा हजारांस विकले, तर वरच्या चार हजारांवर तीस टक्के कर, मग त्याचे एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या कितीही खाली असो. भाव उतरून सहा हजारांस विकावे लागले, तर चार हजारांची तूट त्याने सोसायची. ती दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून वजा होत नाही, एका नाण्याचा तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनही नाही, आणि पुढील वर्षाकडे ओढताही येत नाही. उत्पन्न मात्र दहा हजारच धरले जाणार. नफ्यात सरकार भागीदार आणि तोट्यात कलावंत एकटा, ही व्यवस्था मला न्याय्य वाटत नाही, आणि करपद्धतीच्या अभ्यासकांनी ती बदलून घेण्यासाठी झटावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. लाखोंची सट्टेबाजी आवरण्यासाठी उगारलेला हा दंडुका दहा डॉलरच्या बिदागीवर पडतो आहे.

काही जण सुचवितात, की ही भेट आहे असे म्हणावे, म्हणजे वर्षाकाठी पन्नास हजारांपर्यंत कर लागत नाही. ही पळवाट मला धोक्याची वाटते. चित्रफितीखाली ‘आवडल्यास साह्य करा’ असे लिहून जे मिळते, ते कामाचा मोबदला आहे असे आयकर अधिकारी म्हणाला तर त्याला उत्तर देणे अवघड आहे. आणि मोबदला परदेशातून घेताना आणखी एक अडथळा येतो : वस्तू व सेवा कराच्या कायद्यात सेवेची निर्यात मानली जाण्यासाठी पैसे परिवर्तनीय परकीय चलनात किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या ठिकाणी रुपयांत यावे लागतात, आणि बिटकॉइन हे यांपैकी काहीच नाही. वीस लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्याला नोंदणीच लागत नाही म्हणून हा प्रश्न आरंभी जाणवत नाही. वाहिनी वाढली की जाणवतो.

नाण्याचे रुपये करण्याच्या टप्प्यावर सर्वांत अधिक माणसे फसतात. कित्येक जण नोंदणीकृत पेढीचा मार्ग टाळून थेट अनोळखी गिऱ्हाइकाला नाणे विकतात, कारण तेथे भाव किंचित बरा मिळतो. ते गिऱ्हाईक दुसऱ्या कोणाला लुबाडून आणलेले पैसे खात्यात भरते, लुबाडल्या गेलेल्या माणसाची फिर्याद सायबर पोलिसांकडे जाते, पैशाचा माग निघतो, आणि परक्या राज्यातील एखाद्या ठाण्याच्या पत्रावरून विकणाऱ्याचे बँक खाते गोठविले जाते. घरखर्चाचे पैसे त्याच खात्यात असतात. आपण निरपराध आहोत हे दाखविण्यास त्याच्यापाशी कागद नसतो. नोंदणीकृत पेढीतही द्रव्य ठेवून देणे सुरक्षित नाही, हे मुंबईच्या वझीरएक्सने दाखवून दिले : १८ जुलै २०२४ रोजी तेथून सुमारे तेवीस कोटी डॉलरची चोरी झाली आणि ग्राहकांना आपली नाणी काढून घेण्याची वाट वर्षाहून अधिक काळ बंद राहिली. पुढच्याच वर्षी, जुलैतच, कॉइनडीसीएक्स या दुसऱ्या भारतीय पेढीतून सुमारे साडेचार कोटी डॉलर गेले. तो तोटा कंपनीने स्वतःच्या गंगाजळीतून सोसला म्हणून ग्राहक वाचले.

ज्याच्या वाहिनीला प्रेक्षक आहेत त्याच्यावर चोरांचा डोळा अधिकच असतो. २० सप्टेंबर २०२४ रोजी खुद्द सर्वोच्च न्यायालयाची यूट्यूब वाहिनी हस्तगत करून तेथे एका क्रिप्टो नाण्याची जाहिरात चालविली गेली. जाहिरातीचे आमिष दाखवून एखादी फाइल उघडायला लावणे ही चोरांची नेहमीची युक्ती आहे, आणि क्रिप्टोची किल्ली त्याच संगणकावर असली तर वाहिनीबरोबर तीही जाते.

नाण्याची कागदावरची किंमत आणि हाती पडणारी किंमत यांतील अंतर किती असू शकते, याचे मोठे उदाहरण आपल्या देशातच घडले. २०२१ च्या एप्रिलमध्ये महामारीची दुसरी लाट उसळली असता मुंबईत उभ्या राहिलेल्या पॉलिगॉन या क्रिप्टो प्रकल्पाचे सहसंस्थापक संदीप नैलवाल यांनी क्रिप्टोतून मदत गोळा करण्यास आरंभ केला, आणि मे महिन्यात इथेरियम या क्रिप्टो जाळ्याचे जनक व्हिटालिक ब्युटेरिन यांनी शिबा इनू नामक नाण्याचे पन्नास लाख कोटी नग त्या निधीस दिले. कागदोपत्री त्यांचे मूल्य शंभर कोटी डॉलरच्या घरात होते. एवढे नग एकाच वेळी बाजारात आणले असते तर भाव कोसळला असता, म्हणून ते सबुरीने विकावे लागले, आणि प्रत्यक्ष मिळालेली रक्कम कागदावरच्या आकड्यापेक्षा पुष्कळच कमी भरली. परकीय देणग्यांविषयीच्या कायद्याचे पालन करीत ती रुपयांत उतरविणे हे वेळखाऊ काम होते. पुढे दहा कोटी डॉलर ब्युटेरिन यांच्याकडे परतही देण्यात आले, म्हणजे ते अन्यत्र अधिक त्वरेने खर्ची पडावेत. सल्लागारांची फौज पदरी असणाऱ्या निधीस जे इतके जड गेले, ते लोधीपुऱ्यातील एकट्या मुलाने सहज निभावावे अशी अपेक्षा कोणी करू नये.

स्थिर मूल्याच्या नाण्यांचा पर्याय पुढे केला जातो. एक नाणे म्हणजे एक डॉलर, अशी हमी देणारी टेथर किंवा यूएसडीसी ही नाणी बिटकॉइनच्या चढउतारापासून बऱ्याच अंशी मुक्त आहेत, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात ६९ हजार डॉलरच्या आसपास असलेले बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांवर आले हे ज्याने पाहिले, त्याला ही नाणी आवडावीत यात नवल नाही. पण हमी देणाऱ्याच्या तिजोरीवर ती उभी आहेत. २०२२ च्या मे महिन्यात टेरायूएसडी हे स्थिर मूल्याचे म्हणविणारे नाणे काही दिवसांत मातीमोल झाले. २०२३ च्या मार्चमध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तेव्हा यूएसडीसीचा राखीव निधी तेथे अडकल्याच्या बातमीने त्याचाही भाव काही काळ नव्वद सेंटांखाली घसरला. बुऱ्हाणपूरच्या टांकसाळीतून निघालेल्या रुपयालासुद्धा वर्ष उलटले की सराफ बट्टा लावीत, कारण नाणे झिजते आणि खोटेही निघते. स्थैर्याची ग्वाही कोणी कितीही दिली तरी नाणे पारखून घेण्याचे काम चुकत नाही.

तर मग त्या तरुणाने काय करावे? माझा निर्णय स्पष्ट आहे. देशातील रसिकांसाठी यूपीआय असताना क्रिप्टो घेण्याचे काहीही प्रयोजन नाही. परदेशी रसिकाला प्रथम वाहिनीचे सदस्यत्व, सुपर चॅट किंवा बँकेशी जोडलेला देयकमार्ग सुचवावा, आणि त्यात जाणारा बट्टा हा दाद मागण्याच्या हक्काचा मोबदला आहे असे समजून आनंदाने सोसावा. ज्याच्यापुढे खरोखरच दुसरा मार्ग नाही अशा रसिकासाठी क्रिप्टोचे दार उघडायचे, तर ते अर्धे उघडावे : वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदलेल्या पेढीत स्वतःच्या नावाने आणि पॅन क्रमांकाने खाते काढावे, पत्ता जाहीर न लिहिता मागणाऱ्याला खाजगीत व शक्यतो दर वेळी नवा द्यावा, रक्कम आली त्याच दिवशी तिचे रुपये करून बँकेत न्यावेत, आणि वहीत तारीख, नाणे, नग, त्या दिवशीचा भाव, पाठविणाऱ्याने सांगितलेले नाव व व्यवहाराचा अनुक्रमांक लिहून ठेवावा. त्याच दिवशी विकले म्हणजे नफा जवळजवळ शून्य, म्हणून तीस टक्क्यांचा कर नाममात्र. आणि कापलेला एक टक्का विवरणपत्र भरताना जमेस धरता येतो. भाव चढेल म्हणून राखून ठेवण्याचा मोह झाला, तर त्या क्षणापासून तो कलावंत राहिला नाही, सटोडिया झाला. आणि सट्टा हा स्वतंत्र धंदा आहे, त्याला वेगळी छाती आणि वेगळे भांडवल लागते. मोठी माणसे असा सल्ला देतात आणि तरुण तो ऐकत नाहीत, हे मी जाणतो. पण बिदागी ही ज्याच्या घरात महिन्याच्या किराण्याला लागते, त्याला यापेक्षा वेगळे सांगणे मला पाप वाटते.

सरकारकडेही मागणे आहे, आणि ते माफक आहे. वर्षाकाठी ठरावीक मर्यादेखालच्या, कामाच्या मोबदल्यात मिळालेल्या नाण्यांवर साध्या दराने कर घ्यावा आणि तोटा वजा करू द्यावा. परदेशातून येणाऱ्या हजार-दोन हजार रुपयांच्या रकमांसाठी बँकांनी स्वस्त मार्ग काढावा. आणि यूपीआयची परदेशी मुभा अनिवासी खात्याच्या अटीतून मोकळी करता येईल का ते तपासावे. यांतील शेवटची गोष्ट झाली, तर आज बिटकॉइनचा पत्ता विचारणारे निम्मे रसिक तो विचारणारच नाहीत असा माझा अंदाज आहे.

हा अंक नैरोबी, मस्कत, न्यू जर्सी अशा ठिकाणीही वाचला जातो, म्हणून तेथील वाचकांना शेवटी एक विनंती. आपल्या गावची, आपल्या भाषेतली चित्रफीत आवडली तर पैसे अवश्य पाठवा. दहा डॉलरांनी गावाकडच्या मुलाचा महिनाभराचा इंटरनेटचा खर्च भागतो. परंतु पाठविण्यापूर्वी त्याला विचारा, की कोणत्या मार्गाने आलेले पैसे तुला हिशेबात दाखविता येतील, आणि तो सांगेल त्याच मार्गाने पाठवा. दोन डॉलर अधिक गेले तरी चालतील.